कठीण काळात स्वतःशी नेमकं काय बोलता तुम्ही? (सुविचार नकोत प्लीज)

कोरी_वही

इथे बऱ्याच वर्षांपासून वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांना स्ट्रोक येऊन गेला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळपास गेलंय, म्हणजे त्यांना कळतं सगळं पण शब्द तोंडात येत नाही, मग ते चिडतात, मग मी चिडते. मी घरून काम करते त्यामुळे 'तू काय घरीच असतेस' या एका वाक्यावर सगळं माझ्या गळ्यात आलंय. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर बेडसोअर होतात, शिवाय औषधं, डायपर, फिजिओची वेळ आणि त्यातच माझ्या मीटिंगा. भाऊ परदेशात, रोज व्हिडिओ कॉल करतो आणि 'आज कसे आहेत' विचारतो, तू कशी आहेस ते विचारायचं राहूनच जातं त्याचं.

पण गाऱ्हाणं मांडायला हा धागा नाहीये. एका मैत्रिणीने सांगितलं की स्वतःसाठी एक मंत्र ठरव, अफर्मेशन, आणि रोज आरशासमोर म्हण. मी 'मी खंबीर आहे, मी हे सगळं निभावू शकते' असं ठरवलं. खरं सांगते, दोन-तीनदा म्हणेपर्यंत आतून कोणीतरी म्हणतं 'हो का? मग काल बाथरूममध्ये नळ सोडून कोण रडत होतं?' आणि आधीपेक्षा जास्त खचल्यासारखं होतं. मोबाईलच्या वॉलपेपरवर पण लावलेलं ते वाक्य, आता स्क्रीन उघडली की रागच येतो.

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कोणाला असं एखादं वाक्य खरंच उपयोगी पडलंय का, पडलं असेल तर ते कसं सापडलं आणि कधी म्हणता. 'सगळं छान होईल' छापाचं नको. नामस्मरण करणाऱ्यांबद्दल आदर आहे पण माझं मन तिथे लागत नाही, त्यामुळे तेही नको.

---

उंबरठा

अगं पहिलं म्हणजे तुझ्यात काही कमी नाहीये, त्या वाक्यातच खोट आहे. यावर रीतसर अभ्यास झालाय. 2009 साली कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना जरा बरं वाटलं, आणि ज्यांना खरी गरज होती, म्हणजे स्वतःबद्दल वाईट वाटणारे, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. कारण तू लिहिलंयस तेच, वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्या विरुद्ध पुरावे काढून बसतं.

म्हणून माझी एकच अट आहे, वाक्य असं हवं की अगदी वाईट क्षणीही त्याला 'हे खोटंय' म्हणता येऊ नये. 'मी खंबीर आहे' हा दावा झाला, दाव्याला प्रतिदावा येणारच. 'आत्ता अवघड चाललंय' यावर कोण काय वाद घालणार?

माझं सांगते. मुलगा वेळेच्या फार आधी जन्मला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता, आणि आम्हाला ठराविक वेळीच आत सोडायचे. बाकीचा वेळ बाहेर बाकड्यावर. आतून कुठल्या तरी मशीनचा बीप ऐकू यायचा आणि दर वेळी वाटायचं आपल्याच बाळाचा. तेव्हा लोक येऊन सांगायचे 'पॉझिटिव्ह राहा', मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटायचं. तिथल्या एका नर्सने मात्र मी काहीतरी पुढचं पुढचं विचारत होते, चालेल का, दिसेल का, शाळेत जाईल का, तर ती हात धुता धुता म्हणाली 'आज फीड पचलंय, आजचं एवढंच.' बास. ते 'आजचं एवढंच' मी उचललं. त्यात आशा नव्हती आणि निराशाही नव्हती, आजपुरतं खरं होतं फक्त. वजन घटलं त्या दिवशीही म्हणता आलं, वाढलं त्याही दिवशी.

तुझं वाक्य तुलाच सापडेल, माझं उसनं घेऊन चालेलच असं नाही. पण शोधताना उंच काही शोधू नकोस. बहुतेक वेळा ते कोणीतरी सहज बोलून गेलेलं असतं.

आणि तो वॉलपेपर आधी काढ बाई.

---

तिरकस

विरोधी पक्षाची बाजू मांडतो, हलकेच घ्या.

हे अफर्मेशन प्रकरण काही नवीन नाही. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा एक औषधविक्रेता होऊन गेला (1857 ते 1926), तो लोकांना सांगायचा की रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस वीस वेळा म्हणा, 'दररोज, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होतोय'. मोजायला चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी घ्यायची. म्हणजे माळच की! शंभर वर्षांपूर्वी त्याने युरोप-अमेरिकेत धुमाकूळ घातला होता. मात्र एक गोष्ट त्याची मान्य करतो, तो म्हणायचा की वाक्य जोर लावून म्हणू नका, सपाट आवाजात पुटपुटा, कारण इच्छा आणि कल्पना यांची कुस्ती लागली की जिंकते कल्पनाच. आजचे कोच लोक नेमकं उलटं शिकवतात, छाती पुढे काढून ओरडा म्हणे.

बरं, वाईट विचार दाबायला म्हणून मंत्र वापरत असाल तर तेही फसतं. 1987 साली डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला तर घंटा वाजवा. घंटाच घंटा.

मी स्वतः कठीण काळात शिव्या घालतो. हसू नका, याला इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाचा आधार आहे. रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये लोकांना बर्फाच्या पाण्यात हात घालून बसवलं, शिवी देत बसणाऱ्यांचा हात साधा शब्द म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ पाण्यात टिकला. नंतर त्यांनी बनावट शिव्यासुद्धा तपासल्या, म्हणजे नवीनच बनवलेले शिवीसारखे वाटणारे शब्द, त्यांनी काही फरक पडला नाही. अस्सल माल लागतो. फक्त रोज उठसूट देणाऱ्याला फायदा कमी होतो असंही त्यांना दिसलं, म्हणून मी जपून वापरतो.

धागाकर्तीने 'हे अवघड आहे' असं जाहीर म्हणून एक सणसणीत शिवी घालावी, आरशासमोर घातली तरी चालेल.

---

खडूफळा

तिरकस, तुमची शिवी आणि उंबरठाताईंचं 'आजचं एवढंच' एकाच जागी काम करत असावेत असं मला वाटतं, जरा सविस्तर लिहितो. (पेशाने शिक्षक, त्यामुळे लांबण लागणार, सवय आहे.)

काळजी ही बहुतांशी शब्दांत चालते. डोक्यात सतत कोणीतरी बोलत असतं, 'उद्या हे झालं तर, परवा ते झालं तर'. आता आपल्या मेंदूत तात्पुरतं शब्द घोळवायची जी जागा आहे ती फार अरुंद असते. बॅडली आणि हिच या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये कार्यकारी स्मृतीचं जे मॉडेल मांडलं त्यात आवाजाचा, शब्दांचा असा एक वेगळा कप्पाच आहे. खात्री करायची तर आत्ता करून बघा. कोणालातरी एक अनोळखी दहा आकडी नंबर दाखवायला सांगा आणि तो बघताना तोंडाने सतत 'हा हा हा हा' म्हणत राहा, नंबर डोक्यात राहणार नाही. कारण जागा 'हा'ने अडवली. मंत्रही तीच जागा अडवतो. तो म्हणत असेपर्यंत काळजीला बोलायला माईक मिळत नाही, एवढाच त्यातला चमत्कार.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, शब्दाचा अर्थ थोर असायची गरज नाही. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी सत्तरच्या दशकात हेच दाखवलं की कुठलाही साधा शब्द श्वासाबरोबर म्हणा, मन भरकटलं तर चिडू नका आणि परत शब्दावर या, शरीर शांत व्हायला लागतं. दुसरी म्हणजे लय. 2001 मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली माळेवरची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' असं दोन्ही म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. दोन धर्म, दोन भाषा, लय मात्र एकच! कोणी ठरवून केलं नसणार पण शेकडो वर्षं घोटून घोटून तिथेच आलेलं दिसतं.

मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद. तेव्हा वाक्य निवडताना ते एका उच्छ्वासात सावकाश बसतंय का बघा. 'मी हे सगळं निभावू शकते कारण माझ्यात अपार शक्ती आहे' हे म्हणता म्हणता माणूस धापा टाकेल. श्वास आत घेताना गप्प राहायचं, सोडताना दोन-तीन शब्द. मराठीत सोय अशी की आपली वाक्यं छोटी करता येतात, क्रियापदाशिवायही चालतात.

याची मर्यादाही सांगतो. म्हणणं थांबलं की काळजी परत येते, कारण ती सुटलेली नसते, गप्प केलेली असते. पण रात्री तीन वाजता गप्प झाली तरी पुष्कळ झालं, त्या वेळी सोडवता येण्यासारखं काही नसतंच.

---

कोरी_वही

सगळ्यांना थँक्यू, खरंच. तिरकस तुमचा प्रतिसाद वाचून मोठ्याने हसले आणि बाबांनी मान वळवून बघितलं.

उंबरठा, तुझं ते 'खोटं म्हणता येऊ नये' पटलं. काल रात्री विचार करत होते की माझ्या डोक्यात नेमकं कोणतं वाक्य चालू असतं, तर लक्षात आलं की मंत्र माझ्याकडे आधीपासूनच आहे, 'हे आता असंच राहणार'. हे मी दिवसातून किती वेळा म्हणते याला गणतीच नाही. भांडी घासताना, लॅपटॉप उघडताना, औषधाच्या पट्टीतून गोळी काढताना. आरशासमोर उभं राहून ठरवायलाच लागलं नाही कधी, आपोआप पाठ झालं.

अजून दोन अडचणी आहेत. एक, रात्रीचं मी खडूफळा सर म्हणतात तसं करून बघेन, पण दिवसा बाबांवर राग येतो तेव्हा काय. ते डाव्या हाताने चमचा उडवतात आणि सगळं अंगावर येतं, त्या सेकंदाला मला कुठलंच वाक्य आठवत नाही, तोंडातून जे निघतं ते निघतंच. आणि दुसरं, 'हे असंच राहणार' हे खोटं आहे असं तरी कसं म्हणू, डॉक्टरसुद्धा ठामपणे काही सांगत नाहीयेत.

---

मधलीसुट्टी

रागाबद्दल माझ्याकडे थोडं आहे. माझी सासू शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंशात होती, त्यामुळे चमचा उडवणं म्हणजे काय हे मला सांगायला नको.

राग आला की वाक्य आठवत नाही हे अगदी बरोबर, कारण त्या क्षणी आठवायला वेळच नसतो. म्हणून वाक्य प्रसंगाला बांधून ठेवावं लागतं, आधीच. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांचं यावर खूप काम आहे, 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं आधी ठरवून ठेवलेलं माणूस नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळतो. नुसतं 'मी चिडणार नाही' याला काही अर्थ नाही. माझं होतं 'हात झटकला की चमचा खाली'. बस एवढंच. म्हणजे त्यांनी हात झटकला की मी आधी हातातलं ताटात ठेवायचे, मग एक श्वास, मग काय बोलायचं ते. हातांना काम मिळालं की तोंडाला तेवढा उशीर होतो, आणि तो उशीरच हवा असतो आपल्याला.

दुसरं म्हणजे स्वतःशी बोलताना 'मी' सोडून बघ. 'मी शांत आहे' ऐवजी स्वतःला नावाने हाक मार, 'अगं अमुक, चमचा ठेव, ते आजारावर चिडलेत, तुझ्यावर नाही'. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांचा 2014 चा अभ्यास आहे, लोकांना ऐनवेळी भाषण करायला लावलं, ज्यांनी तयारी करताना स्वतःशी नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून बोललं त्यांना 'मी मी' करणाऱ्यांपेक्षा ताण कमी जाणवला आणि बोललेही ते बरं. मैत्रिणीला आपण जितकं समजुतीने सांगतो तितकं स्वतःला सांगत नाही ना, नाव घेतलं की आपणच आपली मैत्रीण होतो थोडा वेळ. मार्कस ऑरेलियस हा रोमन सम्राट छावणीत बसून स्वतःसाठी टिपणं लिहायचा तीही बऱ्याचदा 'तू' अशीच, आणि आपल्याकडे संतांनी तर मनालाच समोर बसवून बोलायची पद्धत पाडलीये. तेव्हा यात वेड्यासारखं काही नाही, फक्त मीटिंगमध्ये माईक म्यूट आहे ना बघत जा (हे मी अनुभवाने सांगतेय).

---

निशिगंध 7

माझा सूर थोडा वेगळा आहे, राग मानू नका.

मी एका ऑफिसात अनेक वर्षं 'हेही दिवस जातील' म्हणत काढली. वाक्य चांगलं होतं, खरं होतं, श्वासात बसायचं, इथे वरती सांगितलेल्या सगळ्या परीक्षांत पास होईल असं. साहेब सगळ्यांसमोर अपमान करायचा, मी केबिनच्या दारात मनात म्हणायचे 'हेही जाईल' आणि आत जायचे. त्या वाक्याने मला तिथे टिकवलं. आणि टिकले हाच तर प्रॉब्लेम होता, मी दोन वर्षांतच तिथून निघायला हवं होतं. माझं ते वाक्य म्हणजे सुन्न करायचं इंजेक्शन होतं, दुखायचं बंद झालं त्यामुळे बघायचंच राहिलं.

म्हणून मी आता कोणी मंत्र मागितला की आधी विचारते, यात तुला बदलता येण्यासारखं काही आहे का? कोरी_वही, तुझे बाबा आजारी आहेत हे कोणी बदलू शकत नाही, तिथे मंत्र ठीक आहे. पण दर दोन तासांनी उठणारी एकटी तूच आहेस, ही गोष्ट आजाराने ठरवलेली नाहीये. ती घरातल्या लोकांनी ठरवली, किंवा कोणी ठरवलीच नाही आणि तुझ्यावर येऊन पडली. त्याच्यावर मंत्र म्हणत बसू नकोस.

भाऊ रोज फोन करतो ना? मग तुला जे वाक्य हवंय ते कदाचित स्वतःला म्हणायचं नाहीये, त्याला म्हणायचंय.

---

परतीचा_पाऊस

निशिगंध यांना +1, शंभर वेळा.

मी दारू सोडलेला माणूस आहे. आमच्या गटात, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झालेली ती चळवळ, तिथे 'एका वेळी एक दिवस' हे इतकं ऐकवतात की नव्या माणसाला वीट येतो, मलाही आला होता. मग कधीतरी मी ते माझ्या भाषेत केलं, 'आज नाही'. उद्या प्यायची मोकळीक आहे, परवाही आहे, आज नाही. कायमची सोडायची म्हटलं की छातीत धडधडायचं, आज नाही म्हटलं की जमायचं. उद्या उजाडला की तोही आजच होतो ही त्यातली लबाडी, पण चालते ती.

पण एक सांगतो जे फार कोणी सांगत नाही. वाक्य शिळं होतं. आई गेली तेव्हा मी त्याच भरवशावर होतो आणि एका संध्याकाळी 'आज नाही' म्हणालो तर आत काहीच हललं नाही, नुसते शब्द. ते पिण्याच्या विरुद्ध बनवलेलं वाक्य होतं, रडण्याशी त्याचं काही घेणंदेणंच नव्हतं. तेव्हा गटातल्या एका जुन्या माणसाला फोन केला आणि म्हणालो वाक्य चालत नाहीये, तर तो म्हणाला मग वाक्य ठेव खाली आणि मी येतो. आला, बसला, फार बोलला नाही. शोक होता तो, शोकाला माणूस लागतो.

तुमचं 'हे आता असंच राहणार' याबद्दल, त्याला खोटं ठरवायच्या फंदात पडू नका. आमच्याकडे त्याच्या पुढे एक शेपूट लावायला शिकवलं, 'असा विचार मला येतोय'. 'हे असंच राहणार, असा विचार मला पुन्हा आलाय.' ऐकायला पोरकट वाटतं पण फरक पडतो, बातमी असलेली गोष्ट अफवा होते. एक समुपदेशक होत्या त्यांनी आणखी एक प्रकार करून घेतला, ते वाक्य अर्धा मिनिट भराभर म्हणायचं, असंचराहणारअसंचराहणार, शेवटी शेवटी नुसता आवाज उरतो, अर्थ गळून जातो. एकटं असताना करा, घरचे घाबरतात.

आणि एक गंभीरपणे. झोप सतत उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा 'आपण नसतो तर बरं' असलं काही डोक्यात येत असेल तर मंत्र, धागा, आम्ही सगळे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. बाबांच्या डॉक्टरांना नव्हे, स्वतःच्या. आजाऱ्याची सेवा करणारा स्वतः आजारी पडतो हे त्यांना नवीन नसतं.

---

कोरी_वही

तसलं काही डोक्यात येत नाही, काळजी नसावी, पण झोपेसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीये, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर लगेच.

बाकी अपडेट. निशिगंध, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा राग आला, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी भावाला फोनवर म्हटलं, 'मला रात्री झोपायचंय, त्याची व्यवस्था आपण दोघांनी करायचीये.' एवढंच एक वाक्य, तेही आधी कागदावर लिहून ठेवलेलं, कारण नाहीतर मी सुरुवात करते आणि मग 'जाऊ दे रे, बघते मी' वर येते. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला तू बोलली का नाहीस आधी. (या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, दिलं असतं तर भांडण झालं असतं.) रात्रीची अटेंडंट ठेवायची, पैसे तो देणार, आणि सुट्टी मिळाली की येऊन राहणार असं ठरलंय. बघू, येईल तेव्हा खरं.

चमच्याचं जमतंय अधूनमधून. काल त्यांनी उडवला, मी ठेवला खाली, आणि नाव घेऊन स्वतःला सांगितलं, बाबांनी ते ऐकलं बहुतेक कारण ते माझ्याकडे विचित्र बघत होते. संध्याकाळी पुन्हा उडवला तेव्हा ओरडलेच.

रात्रीसाठी 'एवढी कूस' ठरवलंय. श्वास सोडताना एकदा, त्यांना वळवताना एकदा. फार काही थोर नाहीये, पण यावर आतून अजून कोणी उलट उत्तर दिलेलं नाही.

---

तिरकस

'एवढी कूस' आवडलं. शिवीचा पर्याय राखीव ठेवा.

जरा अवांतर, आमच्याकडे आजोबांच्या वेळी हा घोळ झाला होता म्हणून सांगतो. अटेंडंट बाई आली की लोक म्हणतात एअर मॅट्रेस घेऊ म्हणजे उठवायला नको. एअर मॅट्रेस जरूर घ्या पण तिच्यामुळे कूस बदलणं सुटत नाही, बाईंना हे पहिल्याच रात्री सांगा, आणि भिंतीवर वेळांचा कागद लावा ज्यावर त्या खूण करतील. नाहीतर तुम्ही झोपायचं सोडून दर दोन तासांनी त्या उठल्या का ते बघायला उठाल.

---

कोरी_वही

अरे हो, हे अगदी मी केलंच असतं. कागद लावते. मॅट्रेस कुठली घ्यावी, हवा कमी-जास्त होणारी की साधी? वेगळा धागा काढू का?

---

खडूफळा

हवा आलटून पालटून भरणारी असते ती. पण आधी फिजिओला विचारा, तुमच्या बाबांचं वजन आणि पाठीची कातडी बघून ते नीट सांगतील. आणि हो, वेगळा धागा काढाच, लोकांना उपयोग होईल.